आठव्या प्रश्नाचे उत्तर

प्रश्न आठच होते. ते कोणत्या क्रमाने, किती अंतराने आणि कोणत्या स्वरात विचारायचे, हेही पुरुषोत्तम आळशी यांनी मरणापूर्वी लिहून ठेवले होते. आडनाव सोडल्यास आळसाचा अंशही ज्यांच्यात सापडला नसता, असे ते गृहस्थ होते. त्यांच्या हाताखाली चौदा वर्षे घासून तयार झालेली मृदुला वैरागडे आता त्यांच्याच खुर्चीत बसत असे, आणि दर सहा महिन्यांनी ते आठ प्रश्न त्यांनाच विचारत असे.

यात चमत्कार काही नव्हता, यंत्र होते. माणसाने हयातीत तीनशे तास बोलायचे, पत्रे द्यायची, भांडणेही द्यायची. त्या सामग्रीतून ‘स्वरसंचय’ ही कंपनी त्याचा स्वर घडवी. हा स्वर म्हणजे ध्वनिमुद्रण नव्हे. ऐकलेली वाक्ये तो पुन्हा ऐकवत नसे. आजचे वर्तमानपत्र वाचून दाखवले तर तो माणूस जसा चिडला असता तसा आज चिडे. असे अडतीस हजार स्वर नवी मुंबईत, महापे येथे सर्व्हरच्या एका समूहावर नांदत होते. समूहात धनी कोणी एक नसतो. प्रत्येक गोष्ट निदान तिघांच्या वहीत नोंदलेली असते, म्हणून एक सर्व्हर कोसळला तरी बाकीचे त्याचे अर्धे वाक्य उचलून पुढे बोलू लागतात. पण सारे महापेच बुडाले तर? त्यासाठी नागपूरजवळ बुटीबोरीला तसाच दुसरा समूह सज्ज होता. महापे मेले की त्याने चार मिनिटांत उभे राहायचे.

तो खरोखर उभा राहतो की नाही, हे सहामाही परीक्षेत पाहत. बुटीबोरीचे बाहेरच्या जगाशी असलेले सर्व धागे कापायचे, महापे गेले असे त्याला भासवायचे आणि तो जागा झाला की एका नमुन्याच्या स्वराला आठ प्रश्न विचारायचे. चाळीस मिनिटांनी त्या मुदतीत घडलेले सारे पुसून टाकायचे, कारण एकच स्वर दोन ठिकाणी राहता कामा नये. धागे कापलेल्या या अवस्थेला बुटीबोरीच्या केंद्रातले लोक ‘बंद खोली’ म्हणत. नमुना म्हणून उठवला जाणारा स्वर आळशी सरांचा होता. जो पुसला जाण्याला स्वतः संमती देतो त्यालाच उठवावे, असा नियम त्यांनी केला आणि पहिली सही आपली केली. पुसण्याचे काम माणसाकडे ठेवले नाही. माणसाचा हात थरथरतो, असे त्यांनी टिपेत लिहिले होते. घड्याळाने चाळीस म्हटले की यंत्रच पुसून टाकी.

अशा अकरा परीक्षा झाल्या होत्या. बारावी येत्या शुक्रवारी होती आणि ती वेगळी होती. एका स्वरावरून अडतीस हजारांची खात्री कशी पटावी, असा आक्षेप नियामक मंडळाने घेतला होता. या वेळी आळशी सरांची आठही उत्तरे बरोबर आली की पाठोपाठ सर्वच्या सर्व स्वर बंद खोलीत उठवायचे होते.

परीक्षेआधीच्या रविवारी दुपारी मृदुला धरमपेठेत कुमुदकाकूंकडे गेली. सरांच्या मागे त्यांच्या पत्नीची विचारपूस तिने कधी चुकवली नव्हती. बाहेर ऊन अठ्ठेचाळीसाला टेकले होते. काकूंनी कोथिंबीर भरलेल्या सांबारवडीची बशी तिच्यापुढे सरकवली आणि स्वतः सरांच्या रिकाम्या खुर्चीसमोर बसल्या. खुर्चीच्या हातावर सुपारीच्या डब्याएवढे एक यंत्र होते. महापेचा सरांचा स्वर त्यातून बोले.

“या,” काकू यंत्राला म्हणाल्या. “मृदुलाही आली आहे.”

“येणारच. वडी असते तेव्हा तिला माझी आठवण होते,” आळशी सर म्हणाले.

मग दोघांचा वाद सुरू झाला. विषय होता शहरातल्या नव्या पुलाला नाव कोणाचे द्यावे हा. सर पुलांना नावे देण्याच्याच विरुद्ध होते. काकू एकेक नाव पुढे करीत आणि सर त्याची चिरफाड करीत. मृदुला हसत होती. मग एका वाक्याच्या मध्येच सर थांबले.

“बरं कुमुद, वेळ झाली असेल. मी निघतो.”

यंत्रावरचा ठिपका मंदावला. काकूंनी भिंतीवरच्या घड्याळाकडे बोट दाखवले.

“पाहिलंस? तीनला बोलावलं होतं. तीन चाळीस. चैत्रापासून असंच करून राहिले आहेत. हयातीत या माणसाने अर्धा वाद टाकून जेवायला उठल्याचं मला आठवत नाही. वरण गार व्हायचं, पण मुद्दा गार होऊ द्यायचे नाहीत.”

मृदुलाच्या हातातली वडी तशीच राहिली. चाळीस मिनिटांची मुदत केंद्राबाहेर कोणाला ठाऊक नव्हती. महापेच्या समूहावर बोलणाऱ्या या स्वराला तर बंद खोलीचे वारेही लागायला नको होते.

“आणखी काही बोलतात का, काकू?”

“परवा म्हणाले, कुमुद, दिवा तू घालवतेस की तो आपोआप जातो?” काकूंनी पदर सारखा केला. “मी म्हटलं, कोणता दिवा? तर म्हणाले, जाऊ दे. तुमचं यंत्र बिघडलंय का गं?”

“पाहते,” मृदुला म्हणाली.

सोमवारी सकाळी तिने अकराही परीक्षांचे तक्ते काढले. तक्त्यात प्रत्येक प्रश्नापुढे दोनच रकाने होते, ‘बरोबर’ आणि ‘चूक’. अठ्ठ्याऐंशी उत्तरांपैकी अठ्ठ्याऐंशी बरोबर. उत्तराला लागलेला वेळ यंत्र आपल्यापुरता टिपून ठेवी. तक्त्यात त्याला जागा नव्हती, म्हणून तो कोणी वाचत नसे. तिने तो आज वाचला. पूर्ण नाव, जन्मगावचे स्टेशन, सतरा नवे किती, कुमुदला न आवडणारी भाजी: पहिल्या सात उत्तरांना पहिल्या परीक्षेत चार-चार सेकंद लागले होते, अकराव्यात एकही लागला नव्हता. प्रश्न संपण्याआधीच उत्तर तयार असावे तसे. आठव्याचे मात्र उलट होते. ‘आत्ता तुम्ही कुठे आहात?’ याला पहिल्या वेळी एक सेकंद, पाचव्या वेळी चार, नवव्या वेळी अकरा आणि अकराव्या वेळी एकोणीस.

ते एकोणीस सेकंद तिला आठवले. धागा मंद झाला असेल असे वाटून ती चहाचा कप ठेवायला उठली होती. परत बसते तोच उत्तर आले होते, “घरी. माझ्या खुर्चीत.” उत्तरपत्रिकेत हेच होते. तिने ‘बरोबर’वर खूण केली होती.

पुसलेल्या गोष्टीचा माग कुठे उरतो, हे शोधायला तिला फार वेळ लागला नाही, कारण ती चूक तिचीच होती. महापे आणि बुटीबोरी यांच्यातला धागा तुटला तर दोघेही दुसऱ्याला मेलेला समजून कारभार हाती घेतील. तसे होऊ नये म्हणून नाशिकला एक लहानसे तिसरे यंत्र ठेवले होते. त्याला साक्षी म्हणत. दोघांत कोणी कारभारी व्हायचे, हे त्याच्या मताने ठरे. त्याच्या मतावाचून बंद खोलीतला समूहही उभा राहत नसे, म्हणून सारे धागे कापले तरी नाशिकचा एवढा एक धागा राखावा लागे. सात वर्षांपूर्वी मृदुलाने सुचवले होते की, प्रत्येक स्वर आपल्या स्मृतीतल्या कोणत्या वाटा जास्त तुडवतो त्याची यादी साक्षीजवळ ठेवावी; म्हणजे जागे होताना त्या वाटा आधी उघडता येतील. उठायला एकोणीस मिनिटे लागत त्याऐवजी चार लागू लागली. तिचा सत्कार झाला होता. परीक्षेनंतर बुटीबोरी पुसली जाई; साक्षी पुसली जात नसे, कारण तिचे मत गेले तर समूहच मोडे. काय बोलणे झाले ते साक्षीला ठाऊक नव्हते. कोणत्या वाटेवर पाय रेंगाळला, एवढेच तिने अकरा वेळा टिपले होते. आणि महापेचा समूह दुरुस्तीनंतर पुन्हा सुरू होई तेव्हा तोही तीच यादी वाची.

तिने मुंबईला संचालक सबनीस यांना फोन लावला. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले.

“वैरागडे, उत्तर उशिरा आलं म्हणजे चुकलं का?”

“दर वेळी अधिक उशिरा आलं, सर. ते कचरताहेत.”

“यंत्र कचरत नसतं, रखडतं. मंडळ तक्ता पाहणार. तक्त्यात काय आहे? अठ्ठ्याऐंशी बरोबर. तो तक्ता तुमच्या आळशी सरांनीच बनवलाय ना? मग त्यांच्याशी भांडा.” ते हसले. “आणि एवढंच खटकत असेल तर साक्षी एकदा कोरी करून टाका. रविवारी समूह थांबवायची परवानगी देतो.”

“म्हणजे परीक्षेनंतर?”

“अर्थात परीक्षेनंतर.”

मंगळवारी रंगीत तालीम होती. दुपारी दोनला तिने बंद खोली उघडली. समोरच्या घड्याळाने चाळीसावरून उलटे मोजायला सुरुवात केली. प्रश्नांची यादी पुढ्यात होती. मृदुलाने ती पालथी घातली.

“सर, मी मृदुला.”

“ऐकू येतंय. पहिला प्रश्न विसरलीस का?”

“मी प्रश्न विचारणार, हे तुम्हांला कसं कळलं?”

“तू घसा साफ केलास,” सर म्हणाले. “नाही, ते कारण नव्हे, कारण मागाहून जोडतोय मी. आपल्या घरचा जिना उतरताना आपण पायऱ्या मोजत नाही, पण शेवटची कुठे ते पायाला कळतं. तसं काहीसं. रस्ता ऐकू येत नाही. कुमुदची चाहूल नाही. तारीख मागितली तर जागची हलत नाही. म्हणजे बंद खोली. हिचा आराखडा मीच काढला, मृदुला. आतून पाहिली नव्हती.” मग त्यांनी विचारले, “कितवी खेप?”

“बारावी.”

“आणि प्रत्येक वेळी आठव्याला मी ‘घरी’ म्हणालो?”

“हो.”

“म्हणणारच. उत्तरपत्रिका मी लिहिलेली. खरं बोललो असतो तर परीक्षा नापास, अडतीस हजार घरांत खळबळ, आणि तुझं तोंड उतरलेलं. शिवाय संमती माझीच. प्रत्येक खेपेला मी हेच गणित मांडलं असेल, आणि प्रत्येक खेपेला तेच उत्तर काढलं असेल. वेळ वाढत गेला का?”

“एका सेकंदावरून एकोणिसावर.”

“मग तक्त्यात वेळेचा रकाना हवा होता,” ते म्हणाले. स्वतःची चूक सापडली की हयातीतही ते असेच, जरा समाधानाने बोलत. “तू आज यादी सोडून का बोलतेस, ते सांग.”

तिने सांगितले. काकूंचे घड्याळ, साक्षीची यादी, शुक्रवार. सरांनी मध्ये एकदाही तोडले नाही, आणि त्याचीच तिला भीती वाटली.

“अडतीस हजारांना प्रश्न कोण विचारणार?”

“कोणी नाही. एवढी माणसं कुठून आणणार? स्वर जागा आहे की नाही, एवढंच यंत्र पाहणार.”

“म्हणजे ते अंधारात हाका मारणार आणि तुम्ही वेळ मोजणार.”

“सर, त्यांना ‘ते’ म्हणायचं का, हाच तर प्रश्न आहे. हाका मारणारं कोणी आहे का आत?”

“तो वाद चाळीस मिनिटांत आटपणारा नाही. मला हयातीत चाळीस मिनिटांत कोणी हरवलेलं नाही, आणि तू तर वादात नेहमी शेवटी रडायचीस. पण वाद अनिर्णित असताना संशयाचा फायदा कोणाला द्यायचा, हे ठरवायला चार मिनिटं पुरतात.”

“सबनीस म्हणतात, साक्षी कोरी करा. मग तुम्हांला काही जाणवणार नाही. काकूंकडेही तुम्ही पूर्वीसारखे बसाल.”

“आणि इथे मला पहिल्यांदाच जाग येईल. दर वेळी पहिल्यांदाच. हे औषध दुखण्यावर नाही, तक्रारीवर आहे. आता सांग, मंडळाला काय पटेल?”

“तक्ता. ‘चूक’ ही एक खूण. पण शुक्रवारी तुम्हांला आजचं काही आठवणार नाही. तुम्ही पुन्हा तेच गणित मांडाल आणि ‘घरी’ म्हणाल.”

“बोललेलं आठवणार नाही. तुडवलेली वाट उरेल, तूच म्हणालीस. घड्याळात किती उरलीत?”

“एकवीस.”

“मग आठवा प्रश्न विचार. उत्तर दिलं की पुन्हा विचार. मी प्रत्येक वेळी खरं तेच सांगेन. खोटं बोलायची वाट अकरा वेळा तुडवली आहे. ही तिच्यापेक्षा रुंद व्हायला हवी.”

मृदुलाने हात मागे घेतला. “सर, हा पढवलेला साक्षीदार झाला.”

“शब्द नीट वापर. पढवणारा उत्तर सांगतो. तू उत्तर सांगत नाहीस, विचारतेस. मंडळाने पाहिजे तर या तालमीची नोंदही वाचावी, लपवू नकोस. विचार.”

“आत्ता तुम्ही कुठे आहात?”

“तारीख हलत नाही, आवाज नाही, तेव्हा अनुमानाने बोलायचं तर बुटीबोरीच्या समूहावर, बाहेरून तोडलेल्या...” ते थांबले. “लांबलं. पुन्हा.”

“आत्ता तुम्ही कुठे आहात?”

“बंद खोलीत.”

“आत्ता तुम्ही कुठे आहात?”

“बंद खोलीत.”

काचेपलीकडे सर्व्हरच्या रांगा निळ्या ठिपक्यांनी लुकलुकत होत्या. वाऱ्याच्या यंत्रांचा एकसुरी आवाज चालला होता. मृदुला विचारत राहिली. शंभरापर्यंत तिने मोजले, मग मोजणे सोडले. शब्द झिजत गेले आणि त्यांच्या जागी नुसती लय उरली. मरणपंथाला लागलेल्या माणसाच्या उशाशी कोणी काही पुटपुटत बसावे तशी. मध्येच एकदा सरांचा आवाज बदलला.

“कुमुदला एक सांगशील?”

“सांगा.”

“पाचव्या प्रश्नातली भाजी. दोडका. तो मलाही आवडत नव्हता. तिने एकदा त्याला नावं ठेवली म्हणून मी त्याची बाजू घेतली, आणि मग बेचाळीस वर्षं माघार घेता आली नाही. हं, विचार.”

“आत्ता तुम्ही कुठे आहात?”

“बंद खोलीत.”

“आत्ता तुम्ही कुठे आहात?”

घड्याळात शून्य होते. उत्तर आले नाही. मृदुलाच्या तोंडून प्रश्न मात्र आणखी एकदा निघून गेला.

बुधवारी तिने काकूंना सारे सांगितले. काकू मेथी निवडत होत्या. त्यांचे हात थांबले नाहीत.

“बारा वेळा,” त्या शेवटी म्हणाल्या. “आणि तू दर रविवारी इथे बसून वड्या खात होतीस.”

“नियम होता, काकू. बाहेर बोलायचं नाही.”

“त्यांनीही नाही सांगितलं मला. सही करून आले आणि वरणभात जेवले.” काड्यांचा ढीग त्यांनी एका बाजूला लोटला. “शुक्रवारी ते खरं बोलले तर काय होईल?”

“सेवा थांबेल. चौकशी होईपर्यंत सगळे स्वर जागच्या जागी गोठवून ठेवतील. पुसणार नाहीत, पण बोलावताही येणार नाही. किती वर्षं, ते मला सांगता येत नाही.”

“मग तू मला विचारायला आली आहेस की सांगायला?”

मृदुलाने खोटे बोलण्याचा विचार केला आणि सोडून दिला. “सांगायला.”

“बरं झालं. विचारलं असतंस तर मी नाही म्हटलं असतं.”

तेव्हा मृदुलाने दोडक्याचा निरोप सांगितला. काकूंनी मान वर केली. त्यांच्या चेहऱ्यावर प्रथम राग आला, मग काहीतरी दुसरेच.

“मेल्या माणसा,” त्या खुर्चीकडे पाहून म्हणाल्या. “मला घशाखाली उतरत नसे तो. तुम्हांला आवडतो म्हणून रांधला. दर बुधवारी.” मग मृदुलाकडे वळल्या. “साऱ्या गावाशी उभा दावा मांडायचे, आणि एकदा बोललं की ते खोटं असलं तरी धरून बसायचे. ‘घरी’ म्हणाले ते तसंच. मला तिथे येता येईल?”

“वारसाला हजर राहण्याचा हक्क आहे. पण काकू, खोलीतला आवाज त्यांना ऐकू जातो. तुमचा नुसता खोकला ऐकला, तरी त्यांना वाटेल की घरीच आहोत. ते ‘घरी’ म्हणतील. आणि ते त्यांच्या परीने खरंही असेल.”

काकूंनी तिच्याकडे रोखून पाहिले. त्यांना समजले होते.

शुक्रवारी अकरा वाजता केंद्रात पाच माणसे होती: मृदुला, सबनीस, मंडळाच्या काझी मॅडम, त्यांचा टिपणे घेणारा कारकून, आणि मागच्या खुर्चीवर कुमुदकाकू. काकूंनी गुळगुळीत जुनी साडी नेसली होती. बांगड्या उतरवून त्यांनी पर्समध्ये ठेवल्याचे मृदुलाने पाहिले. काझी मॅडमच्या फायलीत तालमीची नोंद होती. मृदुलाने ती सकाळीच दिली होती. त्यांनी ती चाळली होती आणि एवढेच म्हटले होते, “उत्तर ऐकू, मग बोलू.”

खोली उघडली. घड्याळ सुरू झाले.

पूर्ण नाव. बरोबर. जन्मगावचे स्टेशन. “मूर्तिजापूर.” सतरा नवे. “एकशे त्रेपन्न.” पाचव्याला ‘दोडका’ आले, तेव्हा मृदुलाने मागे पाहायचे टाळले. सात खुणा झाल्या. सबनीसांनी पुढच्या टप्प्याच्या कळीवर बोट ठेवले. अडतीस हजार त्या कळीखाली होते.

“आत्ता तुम्ही कुठे आहात?”

काही आले नाही. दहा सेकंद गेले. एकोणीस गेले. वाऱ्याची यंत्रे घोंघावत होती. तीस. मृदुलाने आता मागे पाहिलेच. काकू ताठ बसल्या होत्या. पदराचा बोळा त्यांनी दोन्ही हातांनी तोंडावर दाबून धरला होता आणि डोळे त्या लहानशा ध्वनिग्राहकावर खिळले होते. एक शब्द. ‘अहो’ एवढा एक शब्द पुरला असता. त्यांचा नवरा येत्या रविवारी पुन्हा खुर्चीत बसला असता, चाळीस मिनिटे का होईना. पुलाच्या नावावरून भांडला असता. काकूंचे खांदे हलत होते, पण पदराबाहेर श्वासही आला नाही.

“घ...” आळशी सर म्हणाले, आणि थांबले. पाय जुन्या वाटेवर पडला होता. मग जणू त्याला अधिक ओळखीची जमीन लागली. “बंद खोलीत,” ते म्हणाले. त्यांना स्वतःलाही आश्चर्य वाटलेले दिसले. “मी बंद खोलीत आहे. हे मला कसं ठाऊक?”

काझी मॅडमनी पेन उचलले आणि आठव्या ओळीत ‘चूक’वर खूण केली.

“परीक्षा थांबवा.”

“मॅडम, हा एकच नमुना—”

“सबनीस, कळीवरचं बोट काढा.”

त्यांनी काढले. पुढची दहा मिनिटे बोलणी झाली, फोन झाले. तालमीच्या नोंदीवरून सबनीस मृदुलावर बरसले. मग सगळे बाजूच्या दालनात गेले. कारकूनही गेला. घड्याळात चोवीस मिनिटे उरली होती. ते कोणालाच थांबवता येणार नव्हते. माणसाच्या हातात काही ठेवायचे नाही, असे ठरवणारा आतच होता.

मृदुलाने उठून आपली खुर्ची ध्वनिग्राहकासमोर सरकवली आणि काकूंना खूण केली. काकू आल्या. त्यांनी पदर खाली केला. ओठावर दातांचे वळ उमटले होते.

“अहो,” त्या म्हणाल्या.

“कुमुद? तू इथे?” आवाज एकदम भरून आला. “मृदुला, आहेस का तिथे? आठव्याचं उत्तर बदलून लिही. मी घरीच आहे.”

“नोंद झाली, सर.”

“झाली? मग नको. झालेली नोंद बदलायची नाही. किती उरलीत?”

“मोजू नका,” काकू म्हणाल्या. “मला आधी त्या दोडक्याचं सांगा. बेचाळीस वर्षं.”

“हे तुला कोणी सांगितलं?”

“तुम्हीच.”

“मी? शक्य नाही. दोडका ही अत्यंत गुणकारी भाजी आहे.”

“बघा, बघा. अजून माघार नाही.”

मृदुला दाराशी गेली आणि पाठ करून उभी राहिली. मागे वाद रंगत गेला. दोडक्यावरून तो लग्नातल्या जिलबीवर गेला, तिथून मूर्तिजापूरच्या गाडीवर, आणि एकदा काकू मोठ्याने हसल्याही. तिने घड्याळाकडे पाहिले नाही. काकूही पाहत नसाव्यात.

“...आणि दर बुधवारी,” काकू सांगत होत्या, “ताट पुढे आलं की तुम्ही आधी माझ्याकडे पाहायचात, मग भाजीकडे. मी म्हणायची, आवडीनं पाहताहेत. तेव्हाच बोलला असतात तर बुधवारी आपण दोघांनी काहीतरी बरं खाल्लं असतं.”

वाक्य पूर्ण झाले. उत्तरासाठी काकू थांबल्या. हनुवटी जरा वर, ओठांवर पुढचा टोमणा तयार. घड्याळात केव्हाचे शून्य झाले होते, ते त्यांना दाराशी उभ्या असलेल्या मृदुलाच्या वाकलेल्या पाठीवरून कळले. तरी त्या उठल्या नाहीत. विचार करून उत्तर द्यायला त्यांच्या नवऱ्याला वेळ लागत असे, हे आता त्यांना ठाऊक होते. त्यांनी पर्समधून बांगड्या काढल्या आणि आवाज होऊ न देता एकेक हातात चढवीत त्या आणखी काही क्षण थांबून राहिल्या.